मुहपत्ती, मास्क आणि प्रमाद : कोविडच्या काळात जैन अहिंसेने नेमके काय शिकवले?

वारणाकाठ

हा धागा काढावा की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करत होतो. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या समाजाच्या गटावर रोज एक तरी संदेश येत असे की मास्क, उकळलेले पाणी आणि अंतर राखणे हे सगळे जैन धर्माने अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे. मी तो वाचून पुढे ढकलत असे. खरे सांगायचे तर आम्ही वारणेकाठचे शेतकरी दिगंबर जैन, आमच्या मुनींच्या हातात पिच्छी (मोरपिसांचा झुबका) आणि कमंडलू असतो, तोंडाला मुहपत्ती (तोंडापुढचे कापड) नसते. तरीही अभिमान वाटायचा तो वाटायचाच.

एप्रिल २०२१ मध्ये मी पंचवीस माणसांच्या मर्यादेतल्या एका लग्नाला गेलो. परतल्यावर अंगात थोडी कणकण होती, ती मी उन्हावर ढकलली आणि दोन दिवस घरात कुणाला बोललो नाही. त्या दोन दिवसांत मी आत्तीच्या (वडिलांच्या बहिणीच्या) शेजारी बसून जेवलो. त्या वर्षी महावीर जयंती २५ एप्रिलला होती आणि त्या दिवशी आत्ती प्राणवायूवर होत्या. त्या वाचल्या, परंतु आजही जिना चढताना मध्ये थांबतात.

गेल्या चातुर्मासात स्वाध्यायाला तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय चालू होता. ‘प्रमत्तयोगात् प्राणव्यपरोपणं हिंसा’ (प्रमादाने, म्हणजे बेसावधपणे वागून प्राणांना इजा करणे ही हिंसा) हे सूत्र लहानपणापासून पाठ असूनही मी प्रथमच त्यातल्या पहिल्या शब्दावर अडखळलो. माझा प्रश्न असा की त्या दोन दिवसांत माझ्या हातून जे झाले, ती हिंसा होती का? मारण्याचा हेतू तर सोडाच, मला संशयही पुरता नव्हता. आणि दुसरे, ‘आमच्याकडे आधीच होते’ या समाधानापलीकडे जगभर पसरलेल्या आजारात ही शिकवण काही देते का?

पिंपळपान

तुमच्या आत्तींना दीर्घायुष्य लाभो. परंतु मुहपत्ती, गाळलेले व उकळलेले पाणी, सूर्यास्तापूर्वीचे जेवण आणि पायी विहार ही यादी पाहता पूर्वजांना जंतूंची कल्पना होती, असे म्हणण्यात गैर काय आहे, हे मला समजले नाही.

ओघा_आणि_पात्रे

पिंपळपान, गैर काही नाही, पण त्यामुळे मूळ गोष्ट हातातून निसटते. माझे माहेर स्थानकवासी (मूर्तिपूजा न करणारा श्वेतांबर पंथ) आहे आणि दोन मावश्या साध्वी आहेत. मुहपत्ती रोगापासून बचाव करण्यासाठी कधीच नव्हती. बोलताना तोंडातून निघणाऱ्या उष्ण वाऱ्याने वायुकायिक (हवा हेच शरीर असलेल्या) जीवांना इजा होऊ नये आणि शास्त्र वाचताना त्यावर थुंकी उडू नये, ही तिची कारणे. स्थानकवासी आणि तेरापंथी ती दोऱ्याने बांधतात, मूर्तिपूजक साधू हातात धरून बोलताना तोंडापुढे नेतात.

मात्र एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मुहपत्ती बांधणारा स्वतःला वाचवत नसतो, तो समोरच्याला आपल्यापासून वाचवत असतो. कापडी मास्कचा मोठा उपयोगही तोच होता. २०२० मध्ये ज्याला त्याला ‘मला काही होत नाही, मग मी कशाला लावू’ असे म्हणताना ऐकले, तेव्हा मला मावशीची आठवण येत असे, कारण तिच्या दृष्टीने हा प्रश्नच उलटा होता.

थुंकीबद्दलही सांगते. पाच समितींमधली (जपून वागण्याच्या नियमांमधली) शेवटची समिती मलमूत्र, कफ, शेंबूड यांच्या विसर्जनाची आहे. शरीरातून बाहेर पडलेल्या अशा चौदा गोष्टींमध्ये एका मुहूर्ताच्या, म्हणजे ४८ मिनिटांच्या आत सम्मूर्च्छिम (गर्भाविना आपोआप उपजणारे) जीव उत्पन्न होतात, असे आगमात मानले आहे. म्हणून त्या लवकर सुकतील अशा रीतीने टाकायच्या असतात. मावशीला खोकला झाला की ती राख घातलेल्या वाटीत थुंकायची, वर पुन्हा राख घालायची आणि ती वाटी स्वतः कोरड्या, उन्हाच्या जागी रिकामी करायची. हे काम तिने आम्हा मुलांना कधी करू दिले नाही. आमच्या गल्लीत पानाच्या पिंका टाकणाऱ्या सद्‌गृहस्थांना ही समिती शिकवावी, अशी इच्छा मी बाळगून आहे.

सूक्ष्मदर्शी

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो आणि जैन नाही, तेव्हा चुकल्यास सुधारावे. निगोद (जैन शास्त्रातले अतिसूक्ष्म जीव) किंवा सम्मूर्च्छिम म्हणजे विषाणू, असे समीकरण कृपया मांडू नका. ती जीवांची वर्गवारी आहे आणि तिचे प्रयोजन आचाराशी निगडित आहे. विषाणू ही प्रथिनांच्या आणि आमच्या कोरोनाच्या बाबतीत मेदाच्या वेष्टनातली जनुकांची पुरचुंडी आहे, ती पेशीबाहेर स्वतःहून वाढतही नाही. साबणाने ते मेदाचे वेष्टन विरघळते, एवढाच हात धुण्याचा अर्थ. पाणी उकळण्याने कॉलरा आणि कावीळ नक्की टळते, कोविडशी त्याचा संबंध नव्हता. रात्रिभोजनाचा तर मुळीच नाही. नाहीतर चौविहार (सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेणे) करणाऱ्यांना लशीचे प्रमाणपत्र सूर्यास्तालाच मिळाले असते.

शिवाय मास्कबद्दल विज्ञानही पहिल्या दिवसापासून ठाम नव्हते. सर्वसामान्य लोकांनी गर्दीत कापडी मास्क वापरावा, ही शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने ५ जून २०२० रोजी केली. तोवर साथ जगभर पसरली होती. तेव्हा ‘ओघा_आणि_पात्रे’ यांनी सांगितलेला दिशेचा मुद्दा मला खरोखर मोलाचा वाटतो. जंतूंचे ज्ञान नसतानाही ‘माझ्या श्वासाने दुसऱ्याला इजा होऊ शकते’ असे गृहीत धरून वागणे ही वेगळी आणि अधिक अवघड गोष्ट आहे.

उसाचा_मळा

मग सूक्ष्मदर्शींना माझा सरळ प्रश्न, आणि धागाकर्त्यालाही. विषाणू जीव मानला तर सॅनिटायझर ही हिंसा, न मानला तर प्रश्नच मिटला. आमच्या गावच्या मंदिरात यावर खरेच वाद झाला होता. विश्वस्तांपैकी एकांचे म्हणणे की सॅनिटायझर म्हणजे दारू, ती गाभाऱ्याच्या दारात नको. शेवटी बाहेर नळाशी साबण ठेवला आणि सगळ्यांचे समाधान झाले.

सूक्ष्मदर्शी

साबण त्या कामाला सॅनिटायझरपेक्षा तसूभरही कमी नाही, तेव्हा विश्वस्तांचे कारण काहीही असो, निर्णय योग्य होता.

वारणाकाठ

उसाचा_मळा, तुम्हीही आमच्याच बाजूचे दिसता, तेव्हा हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. श्रावकासाठी (गृहस्थ जैनासाठी) हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत : संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. जाणूनबुजून मारण्यासाठी मारणे ही संकल्पी, ती पूर्ण वर्ज्य. चूल, झाडलोट, अंघोळ यांत होते ती आरंभी. शेती, व्यापारात होते ती उद्योगी. स्वतःच्या किंवा आश्रिताच्या रक्षणासाठी करावी लागते ती विरोधी. या तीन श्रावकाला टळत नाहीत, त्या कमीत कमी व्हाव्यात, एवढीच अपेक्षा आहे. उसावर लोकरी मावा आला तेव्हा माझ्या वडिलांनी फवारणी केली आणि त्या संध्याकाळी जेवले नाहीत. हात धुणे मला याच घरात बसवावेसे वाटते.

तिसरी_घंटा

हात धुण्यापर्यंत ठीक आहे, लशीचे काय? कोव्हॅक्सिनसाठी विषाणू ज्या व्हेरो पेशींवर वाढवतात, त्या पेशींच्या वाढीसाठी नवजात वासराच्या रक्तातला द्रव वापरतात. अंतिम लशीत तो राहत नाही, असा खुलासा केंद्राने जून २०२१ मध्ये केला, परंतु वापरला जातो हे नाकारले नाही. माणसांना टोचण्याबरोबरच वीस माकडांवर तिची चाचणी झाली, तीही आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केली आणि निष्कर्ष प्रसिद्धही केले. अहिंसेचे व्रत घेतलेल्या माणसाने ती घ्यावी कशी? मी मुद्दाम वाकडे विचारत नाही, घरात माझी आई हे विचारून तीन आठवडे थांबली होती.

दप्तरदार

हा पेच नवा नाही, शंभर वर्षांहून जुना आहे. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला, तेव्हा शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. जंतू वाढत ते मांसाच्या काढ्यात. काढ्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे, मग त्या थेंबांना लोंबकळत जंतूंचे झुबके वाढत. येथील लोकांची भावना ओळखून त्यांनी गोमांस टाळले आणि बोकडाचे मांस वापरले. जैन घरांना त्याने फारसा फरक पडण्याचे कारण नव्हते, हे उघड आहे. तरीही पुढे याच लशीचे लाखो डोस हिंदुस्थानभर टोचले गेले. तेव्हाच्या जैन कुटुंबांनी आपापल्या घरात काय वाद घातले असतील, त्याची टिपणे कुणाकडे असतील तर मला वाचायला फार आवडेल.

तिसरी_घंटा, तुमच्या आईंनी शेवटी घेतली का?

तिसरी_घंटा

घेतली. आमच्या शेजारी डायलिसिसवर असलेले गृहस्थ राहतात आणि आई रोज त्यांच्याकडे ताक घेऊन जाते. ती म्हणाली, ‘वासराचं पाप माझ्या खात्यावर लिही, पण ताक बंद करायचं नाही.’ त्यानंतर तिने एक महिना दूध सोडले. याला तर्क म्हणावे की प्रायश्चित्त, हे मला आजही ठरवता येत नाही.

उसाचा_मळा

तुमच्या आईंनी एका ओळीत जे केले, त्यावर आमच्या समाजाच्या साप्ताहिकात चार अंक लेखमाला चालली असती.

निर्भीड_नागपूरकर

सगळे फारच गोड चालले आहे, म्हणून थोडे कडू लिहितो. ऑगस्ट २०२० मध्ये राज्यात सर्व धर्मस्थळे बंद असताना पर्युषणासाठी (उपवास आणि क्षमेच्या जैन पर्वासाठी) मंदिरे उघडावीत म्हणून मुंबईतले जैन न्यासच न्यायालयात गेले होते. ज्यांच्या शिकवणीत न दिसणाऱ्या जीवाचीही काळजी आहे, त्यांना चार दिवस घरी बसून पूजा करता आली नाही? तेव्हा कोणत्या अहिंसेची आठवण झाली होती?

दप्तरदार

तपशील पुरते सांगितले पाहिजेत. २१ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दादर, भायखळा आणि चेंबूर येथील तीनच मंदिरांना शेवटच्या दोन दिवसांसाठी परवानगी दिली. एका वेळी पाच माणसे, दिवसभरात मिळून अडीचशे. दुसऱ्याच दिवशी गणेश चतुर्थी होती आणि या आदेशाचा आधार गणेशोत्सवाला घेता येणार नाही, हेही न्यायालयाने बजावले. आर्थिक व्यवहार असला की सरकार जोखीम पत्करते आणि धर्मस्थळ आले की कोविडची आठवण होते, अशी नाराजी सरन्यायाधीशांनी व्यक्त केली होती. तेव्हा हा ‘आम्हाला सगळे मोकळे करा’ असा हट्ट नव्हता.

ओघा_आणि_पात्रे

दप्तरदारांचा तपशील बरोबर आहे, तरी मी निर्भीड_नागपूरकरांशी अर्धी सहमत आहे. आमच्या घरी त्या वर्षी संवत्सरीचे (पर्युषणाच्या शेवटच्या दिवसाचे) प्रतिक्रमण (दोषांची उजळणी) फोनवर ऐकून केले. सासूबाईंना कटासणे (बसण्याचे आसन) अंथरून भिंतीकडे तोंड करून बसावे लागले आणि ‘मिच्छामि दुक्कडं’ (माझे दुष्कृत्य मिथ्या होवो) म्हणायला समोर कुणी नाही म्हणून त्या रडल्या. कायद्याने पाच जणांना जाता येत होते, हे खरे. जावे का, हा प्रश्न कायद्याचा नव्हता. पर्युषणाचा गाभा क्षमा मागणे हा आहे आणि ती मागायला जाताना कुणाला आजार देऊन येणे, यातला विरोध लहान मुलालाही कळेल.

निर्भीड_नागपूरकर

अर्धी सहमतीही चालेल. या संकेतस्थळावर एवढी मिळत नाही.

चौका_आणि_चूल

मंदिर बंद करता येते हो, मुनिमहाराजांचा आहार कसा बंद करणार? हा भाग कुणी लिहिला नाही म्हणून लिहिते. दिगंबर मुनी दिवसातून एकदा, उभ्याने, ओंजळीत आहार घेतात. स्वतः शिजवत नाहीत, मागत नाहीत, साठवत नाहीत. श्रावकाने दारात कलश घेऊन पडगाहन (आहारासाठी आदराने आवाहन) केले तरच थांबतात. टाळेबंदी लागली तेव्हा आमच्या गावात एक मुनी विहार करत पोहोचले होते आणि पुढे जाता येईना. ओंजळीत घास देणारी माणसे हातभर अंतरावर उभी असतात. महाराज वृद्ध, आणि अंगावर वस्त्रच नाही तिथे मास्क कुठला.

पडगाहन करताना आम्ही म्हणतो, ‘मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहार-जल शुद्ध आहे.’ माझ्या चुलत सासऱ्यांनी बैठक घेतली आणि सांगितले की यातला ‘कायशुद्धी’ हा शब्द आता तोंडदेखला म्हणायचा नाही. घरात कुणाला साधी सर्दी असली, कुणी गावाबाहेर जाऊन आले असले, तर त्या घरी चौका (मुनींच्या आहारासाठीचा शुद्ध स्वयंपाक) लागणार नाही. एका वेळी एकाच घराचा चौका, आहार देताना दोनच माणसे, त्यांच्या तोंडाला स्वच्छ धुतलेले कापड, आणि बाकीच्यांनी अंगणाबाहेरून नमोस्तु म्हणायचे. पहिल्या आठवड्यात आमच्या घरी चौका असताना माझ्या मुलाला शिंक आली. कदाचित ती मसाल्याची असेल. आम्ही कलश आत ठेवला आणि शेजारच्या घरी निरोप धाडला. त्यांच्याकडे घाईने फक्त भात, मुगाची आमटी आणि दूध झाले; महाराजांनी तेवढेच घेतले. सासूबाई दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत, कारण पहाटे तीनला उठून सगळे त्यांनी केले होते.

पिंपळपान

हे वाचून माझी सुरुवातीची यादी फारच वरवरची होती, हे कबूल करतो. साधूंच्या लसीकरणाचे काय झाले? त्यांच्याकडे आधार कार्ड तरी असते का?

दप्तरदार

अनेकांकडे नसते, बँकेत खाते नाही आणि फोन तर नाहीच. मे २०२१ मध्ये केंद्राने ओळखपत्र नसलेल्यांच्या लसीकरणाची कार्यपद्धती काढली, तीत भटके, तुरुंगातले कैदी, वृद्धाश्रमातले लोक, भिक्षेकरी यांच्याबरोबर सर्व धर्मांच्या साधुसंतांचाही उल्लेख आहे. सरकारी यादीत साधू आणि कैदी एका ओळीत आले. दोघांकडेही खिसा नसतो, एवढे साम्य मान्य करावे लागेल.

मुक्तछंद

मला वाटते या सगळ्यावर अनेकान्तवाद हेच खरे उत्तर आहे. लस घेणारा त्याच्या बाजूने बरोबर, न घेणारा त्याच्या बाजूने बरोबर. सत्याला अनेक बाजू असतात, म्हणून कुणी कुणावर सक्ती करू नये.

सूक्ष्मदर्शी

असहमत. बाजू अनेक असणे आणि प्रत्येक विधान सारखेच खरे असणे, यात फरक आहे.

ओघा_आणि_पात्रे

मुक्तछंद, स्याद्वादात प्रत्येक विधानाला ‘स्यात्’ म्हणजे ‘एका विशिष्ट अपेक्षेने’ अशी अट लावायची असते आणि ती अट बोलणाऱ्याने उघड करायची असते. तुम्ही अट काढून टाकून नुसती मोकळीक ठेवली. ‘माझ्या प्रकृतीच्या अपेक्षेने मला लस नको’ असे म्हणणाऱ्याने ‘माझ्या शेजाऱ्याच्या प्रकृतीच्या अपेक्षेने’ हे दुसरे वाक्यही म्हणायला हवे. ते वगळले की उरतो तो एकान्त, म्हणजे एकाच बाजूचा हट्ट.

निर्भीड_नागपूरकर

अपरिग्रहाबद्दल (साठा न करण्याच्या व्रताबद्दल) कुणी बोलेल का? रेमडेसिव्हिर काळ्या बाजारात विकणाऱ्यांना आणि गरज नसताना घरात सिलेंडर दडवणाऱ्यांना अहिंसेचे कोणते कलम लावायचे?

उसाचा_मळा

तेच कलम, कारण अपरिग्रह हे अहिंसेचे कुंपण मानले आहे. समाजातल्या चांगल्या कामाचीही नोंद व्हावी : पुण्याच्या भारतीय जैन संघटनेचे फिरते दवाखाने २०२० मध्ये वस्त्यांमध्ये फिरत होते आणि कांदिवलीच्या पावनधामात कोविडचे रुग्ण ठेवले होते. परंतु साठेबाजी करणाऱ्यांत आपले कुणीच नव्हते, असे मी शपथेवर सांगणार नाही. आमच्या तालुक्याच्या गावी एका दुकानदाराने ऑक्सिमीटरचे तिप्पट पैसे घेतले आणि पर्युषणात अठ्ठाई केली. आठ दिवसांच्या उपवासाबद्दल त्याची मिरवणूकही निघाली.

आणि हे देशांनाही लागू पडते. कोविडच्या लशी, औषधे आणि चाचण्यांवरचे बौद्धिक संपदा हक्क तात्पुरते स्थगित करावेत, हा भारत आणि दक्षिण आफ्रिकेचा प्रस्ताव ऑक्टोबर २०२० चा. त्यावर जागतिक व्यापार संघटनेत निर्णय झाला तो जून २०२२ मध्ये, तोही कापून लहान केलेला आणि लशींपुरताच. श्रीमंत देशांनी दरम्यान लोकसंख्येच्या कित्येक पट डोस नोंदवून ठेवले होते.

तिसरी_घंटा

याला जोडून एक गोष्ट. साथ आल्यावर काय करावे, एवढेच आपण बोलत आहोत. २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला आणि लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये डेन्मार्कने फरसाठी पाळलेले दीड कोटीहून अधिक मिंक मारायचे ठरवले, कारण विषाणू त्यांच्यात शिरून बदलत होता. इतके प्राणी पिंजऱ्यात दाटीवाटीने ठेवायचे आणि मग माणसाला वाचवायला सगळे एकदम मारायचे. जैन शिकवणीला जगापुढे काही ठेवायचे असेल तर ते मास्कपेक्षा इथे ठेवावे, असे मला वाटते.

निर्भीड_नागपूरकर

मान्य, फक्त ते मांसाहारी भाडेकरूला घर नाकारण्याच्या पाटीवर लिहून ठेवू नये.

तिसरी_घंटा

तेही मान्य.

ओघा_आणि_पात्रे

धागाकर्त्याचा पहिला प्रश्न मात्र तसाच राहिला आहे. वारणाकाठ, तुमच्याच परंपरेतल्या आचार्य कुंदकुंदांच्या प्रवचनसारात त्याचे उत्तर आहे आणि ते सोपे नाही : ‘मरदु व जियदु व जीवो अयदाचारस्स णिच्छिदा हिंसा’. जीव मरो वा जगो, जो काळजी न घेता वागतो त्याची हिंसा निश्चित आहे. पुढच्या ओळीत म्हटले आहे की जो समितीपूर्वक, जपून वागतो, त्याला केवळ हिंसा घडली म्हणून कर्माचा बंध होत नाही. म्हणजे आत्तींना आजार झाला नसता तरीही ते दोन दिवस हिंसेतच जमा होतात. आणि तुम्ही वेगळे राहून, सांगून, मास्क लावूनही त्या आजारी पडल्या असत्या, तर नसते झाले. परिणामावरून मोजायचे नसते. जयणा (जपून वागणे) पाळली की नाही, एवढेच विचारायचे असते. तुम्हाला बरे वाटावे म्हणून मी हे सौम्य करून लिहू शकले असते, पण तुम्ही ते विचारले नव्हते.

सूक्ष्मदर्शी

हे वाक्य मी वर्गात सांगणार आहे. कोविडमध्ये लक्षणे दिसण्याच्या आधीपासूनच माणूस संसर्ग देऊ शकत होता, हे विद्यार्थ्यांना सांगितले की त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘मग दोष कुणाचा?’

वारणाकाठ

सर्वांचे आभार. ओघा_आणि_पात्रे, तुमचे उत्तर काल रात्री तीन वेळा वाचले. आलोचना (आपल्या दोषांची कबुली) गुरूंपुढे करायची असते, परंतु मी आज सकाळी आधी आत्तीकडे गेलो. त्या परसात शेवग्याच्या शेंगा निवडत होत्या. कणकण लग्नाहून येतानाच होती आणि मी ती लपवली, हे मी प्रथमच सांगितले. त्यांनी शेंगा निवडणे थांबवले नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘मला तवाच कळलंतं. जेवताना तुझा हात गरम लागला.’ मग त्यांनी विचारले, ‘लग्नात आणि कुणाच्या शेजारी बसलातास?’

मी तीन नावे सांगितली. त्यांतल्या एकाला दुपारी फोन केला. उरलेल्या दोघांचे क्रमांक समोर लिहून ठेवले आहेत.